झोपाळ्यावरची जागा

लोणखेड्याच्या निर्मलाबाईचं सासर भरलेलं होतं, म्हणजे गोठा भरलेला, कणग्या भरलेल्या. पाळणा तेवढा रिकामा. त्याचं दुःख तिनं गावभर कधी मिरवलं नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की दिवस कलला की ओट्यावरच्या झोपाळ्यावर नवऱ्याशेजारी, रतिलालशेजारी, घटकाभर बसायचं. ती सुपारी कातरायची, तो दिवसभराचं सांगायचा. घर सासूचं, शेत दिरांचं, ती दोन हात फळी मात्र तिची.

सन छत्तीसला तळोद्याचा जंगल खात्यातला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याच्या बंगल्यावर दूध रतिलालकडूनच जायचं, म्हणून मडमेनं आपली पेकिंगीज कुत्री त्याच्या हवाली केली. चपट्या नाकाची, बटबटीत डोळ्यांची, पाय दिसू नयेत एवढ्या केसांची. नाव लिली. रतिलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ही चीनच्या बादशहाच्या वाड्यातली जात, तिथले लोक हिला अंगरख्याच्या बाहीत घालून फिरायचे. लिलीचा तोराही तसाच. बोलावलं तर येणार नाही, मनात आलं तर मांडीवर चढणार, आणि घोरणार असं की सासूला वाटावं, मेलेले सासरे परत आले.

ज्या माणसाला बायको जेवली का हे वीस वर्षांत विचारायचं सुचलं नाही, त्यानं मडमेचं सगळं सांगणं पाठ केलं. सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं डोळे आणि नाकावरची घडी पुसायची. ऊन चढलं की माठाजवळ ओल्या पोत्यावर निजवायचं, कारण आखूड नाकाला खानदेशी ऊन सोसत नाही. संध्याकाळी केस विंचरायचे. कशानं? निर्मलाबाईच्या माहेरच्या शिसवी फणीनं. आणि कुठं? झोपाळ्यावर, निर्मलाबाईच्या जागेवर.

सवत आली असती तर भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडणार? निर्मलाबाई जळत होती, आणि आपण जळतो आहोत हे तिला पक्कं माहीत होतं.

चैत्रात ठेलारी मेंढपाळ दरवर्षीसारखे खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला उतरले. उन्हाळ्याच्या तोंडावर ते मेंढ्यांची लोकर कातरतात. रतिलाल शहाद्याला गेलेला पाहून तिनं धुडकू ठेलाऱ्याला कातरीसकट परसात बोलावलं.

"हिनी बी लोकर काढी टाक," ती म्हणाली.

धुडकूनं डोकं खाजवलं, पण मालकिणीचा हुकूम. थोड्या वेळात बादशाही थाट टोपलीत जमा झाला आणि मागं उरलं एक गुलाबी, मांजराएवढं, थरथरणारं जनावर.

"हाई काय कयं तू?" परतल्यावर रतिलाल म्हणाला.

"उन्हाया शे. जीव घाबरी ऱ्हायना व्हता तिना."

आता हा चिडेल, घर डोक्यावर घेईल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. त्यानं लिलीकडं एकदा पाहिलं, तिला पायानं बाजूला सारलं आणि हात धुवायला गेला. "मोलगी गावना बाजारमा कोनले तरी दी टाकू," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी जागा मोकळी. निर्मलाबाई बसली, सुपारी कातरू लागली. रतिलालला आता सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडी आणायची होती. आयाळ अशी पाहिजे, शेपूट अशी पाहिजे. बोलता बोलता त्याची नजर तिच्या डोक्याकडं गेली. "तुन्हा बी केस पिकी गयात वं," तो म्हणाला, आणि परत घोडीवर आला.

झोपाळ्याखालून लिली मान वर करून त्या फळीकडं बघत होती. उन्हानं तिची पाठ लाल झाली होती. निर्मलाबाई उतरली, तिला आत नेऊन पाठीला लोणी लावलं. मोलगीला कोणी गेलं नाही, आणि झोपाळ्यावर निर्मलाबाई पुन्हा बसली नाही.

वर्षात लिलीचे केस परत जमिनीला टेकले. रतिलालनं ते पाहिलं आणि मांडी थोपटून तिला हाक मारली. लिलीनं दोन पावलं टाकलीही. निर्मलाबाई पुन्हा तशीच जळू लागली, फक्त या खेपेला नवऱ्यावर. तिनं लिलीला पदराखाली घेतलं आणि धुडकूला निरोप धाडला. पाठ भाजू नये म्हणून दोन बोटं केस तेवढे ठेवायला सांगितले.

पुढं लिली सात वर्षं जगली आणि दर चैत्रात कातरली गेली. उन्हाळ्यासाठी, असं निर्मलाबाई सगळ्यांना सांगायची.