शिळेवरचं जानवं

इनास गेल्याचं मला कळलं ते तलावपाळीवर, हातात भाजीची पिशवी असताना. शाळेतले माझे एक जुने सहकारी वहाणा वाजवत समोरून आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जाता जाता म्हणाले, "अहो, तो उलट्या जानव्याचा किरिस्ताव गेला म्हणे परवा. तुमच्या ओळखीचा होता ना?" आणि हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. निम्मं ठाणं त्याला त्याच नावाने ओळखायचं. मीही कसंनुसं हसलो, "हो, होता ओळखीचा" म्हणालो, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरची वाट धरली. चाळीस पावलं गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. ओळखीचा... एवढंच?

याला आता सहा आठवडे होत आले. इनासबद्दल लिहायचं म्हणून बसलो की आधी त्याचा वास आठवतो. चरबीच्या शाईचा, ओल्या वाळूचा आणि विडीचा. तरुणपणी तो मुंबईच्या एका शिळाछाप छापखान्यात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापतात तिथे, संतांच्या तसबिरी काढायचा. पुढे ठाण्यात आमचं साप्ताहिक निघालं, त्यात दर अंकाला शेवटच्या पानावर थट्टेचं एक चित्र द्यायचं ठरलं, आणि मालकांनी त्याला बोलावून घेतलं. घर इथलंच, इगर्जीच्या म्हणजे चर्चच्या मागे. भावांची भातशेती होती, पण याचा जीव चिखलात कधी रमला नाही. "मना चिकल कागदावर काडायला सांगा, मास्तर," म्हणायचा, "पायानं नको."

मास्तर म्हणजे मी. सरकारी शाळेत शिकवायचो, आणि शाळा सुटली की गुपचूप छापखान्यात जायचो. चित्राची कल्पना माझी, खालचा मजकूर माझा, छापण्याआधी नमुना तपासायचं कामही माझंच. सरकारी चाकरी असल्यामुळे माझं नाव मात्र कुठेही नसायचं. ही गोष्ट मालकांना आणि इनासला सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. माझी बायको समजायची की मी कोणा वकिलाच्या मुलाला इंग्रजी शिकवायला जातो. त्या मुलाचा अभ्यास इतकी वर्षं कसा संपत नाही, असं तिने एकदा विचारलंही होतं.

आमचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. राष्ट्रीय सभेचे एक मोठे पुढारी, त्यांना इथे नुसतं भाऊसाहेब म्हणतो. मूळचे कल्याणचे, कीर्ती देशभर. भाषण करायला उभे राहिले की घड्याळ लाजून बंद पडावं, आणि सरकारला अर्ज करायला बसले की दौत आटावी. मिशा अशा की त्यांच्यावर दोन चिमण्या आरामात बसतील. इनासचा त्यांच्यावर भारी जीव. त्यांच्या राजकारणावर नव्हे, मिशांवर. "देवानं आपल्यासाठी घडवलाय ह्यो मानूस," म्हणायचा. दर आठवड्याला अंक बाहेर पडला की तो शिळा आडवी ठेवून वाळू-पाणी घालायचा आणि दुसऱ्या शिळेने गोल गोल घासत भाऊसाहेबांना पुसून टाकायचा, पुढच्या चित्राला कोरी जागा हवी म्हणून. "चला भाऊसायब, आंगोल झाली," असं म्हणून हात धुवायचा.

ज्यांनी शिळाछाप पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिळेवर जे काढावं ते कागदावर उलटं उमटतं. डावं उजवं होतं, उजवं डावं. म्हणून शिळेवर सगळं आधीच उलटं काढायचं. इनासची त्यासाठी एक युक्ती होती. समोर माणूस बसवला की त्याच्याकडे न बघता तो त्याचं आरशातलं रूप बघून काढायचा. आरसा उलटं दाखवतो, शिळा उलट्याचं सुलटं करते. इतकी वर्षं त्यात कधी तसूभर फरक पडला नाही.

फरक पडला तो माझ्यामुळे.

भाऊसाहेब तेव्हा कौन्सिलात जागा मिळावी म्हणून अर्जांवर अर्ज करत होते. मला कल्पना सुचली की भाऊसाहेब सोवळं नेसून, उघड्या अंगाने एका रिकाम्या खुर्चीची षोडशोपचारे पूजा करताहेत आणि फुलांच्या जागी अर्ज वाहताहेत. इनास खूश झाला. सोवळ्यात पगडी कशी, अशी शंका मी काढली, तर म्हणाला, "पगडी नसली तं वळकनार कोन?" तोंडवळा त्याला पाठ होता. अडचण अंगाची होती. उघड्या अंगाने पूजेला बसलेला ब्राह्मण त्याने जवळून कधी पाहिला नव्हता. पाहणार कुठून? आमच्या घरात तो अंगणाच्या पुढे कधी आला नव्हता, आणि त्याच्या घरी मी कधी पाण्याचा पेला तोंडाला लावला नव्हता. शहाळं तेवढं चालायचं. तेव्हा त्या दिवशी छापखान्याचं दार लावून मीच सदरा काढला, धोतर सोवळ्यासारखं नेसलो आणि पाटावर बसलो. समोर आरसा होता. त्यात मला माझं पोट दिसलं. अहो, बसल्यावर ते असं मांडीवर येतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी चिडून म्हणालो, "आधी तो आरसा काढ तिथून."

"पन मास्तर, आरशाबिगर उलट कसा काडू?"

"डोक्याने काढ. इतकी वर्षं करतोयस ना?"

त्याने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. पळी कोणत्या हातात, ताम्हन कुठे, हे सगळं तो मनात उलटं करत काढू लागला. थोड्या वेळाने थांबला. "मास्तर, ह्यो दोरा... ह्याला डावा-उजवा काय आसतो का?" मला थंडी वाजत होती, आणि आतापर्यंत पोट आत ओढून धरून दम लागला होता. मी खेकसलो, "दिसतो तसा काढ रे बाबा, आणि आटप!"

शनिवारी नमुना हातात आला. मी काय तपासलं? मजकूर तपासला आणि पोट तपासलं. ते पोट माझं आहे हे कोणीही ओळखेल अशी मला भीती वाटली. इनासकडून सुरीने शिळा खरडून घेऊन पोट दोन बोटं आत नेलं. जानव्याकडे माझं लक्षही गेलं नाही, आणि माझ्या अंगावर ते मुंजीपासून होतं.

अंक सोमवारी बाहेर पडला. दुपारी एक भटजी तो फडकावत छापखान्यात आले. भाऊसाहेबांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. म्हणजे अपसव्य. पितरांचं करताना घालतात तसं. आणि भाऊसाहेबांचे वडील तर हयात होते, ऐंशीच्या पुढचे, कल्याणात सगळ्यांचे आबा. ज्याचे वडील जिवंत आहेत त्याला अपसव्य दाखवायचं, याचा अर्थ शेंबड्या पोराला कळला असता. गावात एकच ओरड झाली की आबांचं मरण चिंतलं. मंगळवारी छापखान्याच्या दारावर शेण फेकलं गेलं. बुधवारी कोणीतरी म्हणालं, त्या किरिस्तावाने मुद्दाम केलं, आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

मालक घाबरले. इनासला काढायचं आणि अंकात माफी छापायची, असं ठरवून त्यांनी माफीचा मजकूर मला लिहायला सांगितला. तो मी लिहिला. 'परधर्मी चित्रकाराच्या अज्ञानामुळे' हे शब्द माझे आहेत. इनास शेजारीच शाईचा रूळ पुसत होता. मी कागद मालकांना दिला आणि वहाणा चढवल्या. बाहेर आल्यावर मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "तुमची चाकरी गेली तं चित्राखाली लिवनार कोन? ऱ्हाऊ द्या. मी हाय तसा बी परधर्मीच." आणि विडी पेटवली. एवढंच.

गुरुवारी कल्याणहून आबांचं कार्ड आलं. थरथरत्या मोडीत एकच ओळ होती, चित्रकारास घेऊन यावे. मालकांची छाती झाली नाही. मी मूळचा कल्याणचा म्हणून मला सोबत धाडलं. गाडीत इनास सारखा बोटांवरची शाई धोतराला पुसत होता. पारनाक्याजवळच्या घरी आबा ओटीवर बसले होते, मांडीवर आमचा अंक. इनासला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू काढलंस?"

"व्हय, आबा."

"मिशा झकास. पगडीही. खुर्चीची पूजा तर अगदी खरी आहे, मीच त्याला सांगून थकलो." मग चष्मा पुसून त्यांनी चित्र डोळ्यांशी नेलं. "पण एक सांग. मुलगा माझा आहे, लहानपणी याच अंगणात मी त्याला न्हाऊ घातलंय. हे पोट त्याचं नाही. हे कोणाचं?"

इनास आढ्याकडे बघू लागला. आबांनी चित्रावरची नजर उचलली आणि सावकाश माझ्या उपरण्याखाली आणली. तिथेच ठेवली. ओटीवर आम्ही तिघंच होतो. आणखी दोन क्षण गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. इनास तर सगळं अंगावर घ्यायला तयारच होता. पण त्या आढ्याकडे बघणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि मला ते जमेना.

"माझं," मी म्हणालो. "पोट माझं, आबा, आणि चूकही माझीच. त्याने विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही."

आबा इतके हसले की ठसका लागला आणि आतून सून धावत आली. "वाटलंच मला," ते म्हणाले. "किरिस्तावाला अपसव्य करायला सुचायचं नाही हो, त्याला ब्राह्मणच लागतो." मग गंभीर झाले. मी कोण, कुठे शिकवतो, हे त्यांनी विचारून घेतलं आणि ते कोणाला सांगणार नाही म्हणाले. सांगितलंही नाही. इनासला मात्र हात धरून म्हणाले, "माझ्या मुलाची थट्टा थांबवू नकोस. चित्र पुन्हा छाप. जानवं तेवढं सरळ कर. आणि त्याच्या दोन प्रती मला धाड."

आबांनीच बोलावून शाबासकी दिली म्हटल्यावर मालकांनी इनासला ठेवून घेतलं. माफी तेवढी छापली गेली. त्याने नव्या शिळेवर, आरसा समोर ठेवून, तेच चित्र पुन्हा काढलं. भाऊसाहेबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढे कौन्सिलात गेले, तिथेही आम्ही त्यांचा पिच्छा सोडला नाही. पुष्कळ वर्षं मजेत गेली. इनास हसायचा, विडी ओढायचा, नाताळात आमच्याकडे केळी धाडायचा. फक्त ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलं. मी कितीदा म्हणालो, आता सांगून टाकतो. तो म्हणायचा, "पेन्शन होऊ द्या." पेन्शन झाली. मग म्हणायचा, "आता कशाला, मास्तर? लोकांना तेवडीच मज्जा." आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं... हेही लिहायला हवं.

बातमी कळल्यावर आठवड्याने मी इगर्जीमागे गेलो. रोजाबायने, त्याच्या बायकोने, खिडकीखालचं फडकं बाजूला केलं. खाली ती शिळा होती. जुनी, चुकलेल्या चित्राची. इनासने ती घासलीच नव्हती. कोपरा उडालाय म्हणून मालकांकडून मागून घेतली होती म्हणे. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्यो दोरा नीट बगा. बरोबर हाय का चूक?"

मी वाकून पाहिलं. कागदावर उलटं उमटतं ते शिळेवर सुलटं असतं. भाऊसाहेबांचं जानवं डाव्या खांद्यावर होतं, जिथे असायला हवं तिथेच. माझ्या अंगावर दिसलं तसं त्याने काढलं होतं. मी सांगितलं होतं तसं.

"बरोबर आहे, रोजाबाय."

"मंग?"

मी तिला सगळं सांगितलं. आरसा, पोट, खेकसणं, माफीचा कागद... सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मना म्हाईत हाय. ह्यांनी कवाच सांगितलेला. तुमच्या तोंडून आयकायचा होता." मग उठून ती शहाळं फोडायला निघाली. मी म्हणालो, "नको, पाणीच दे." तिने दिलं. मी प्यालो.

दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "आता बाकीच्यांना बी सांगा." म्हणून हे लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच छापलेल्या मजकुराखाली माझं नाव घालायला सांगितलं आहे. अंक निघाला की तो घेऊन तिला वाचून दाखवायला जाईन. शिळा तिथेच खिडकीखाली आहे, आणि तिथेच राहू दे. तिच्यावर हात फिरवला तर एका जागी खरखरीत लागतं. तिथे माझं पोट होतं, ते मी खरडायला लावलं. जानवं मात्र इनासने काढलं तसंच आहे.