आधी नडणारं बोल

बाय तक्रार लिहायला बसली की पहिला अर्धा तास तक्रारदाराच्याच विरोधात लिहायची. पोलिसांनी मुलाला डांबून ठेवलं, मारलं, भेटू दिलं नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसं भिवंडीजवळ राहनाळला तिच्या ओटीवर यायची. बाय आधी चहा द्यायची. मग कोऱ्या कागदावर सगळ्यात वर ‘आपल्याला नडणारं’ असं लिहून खाली जाड रेघ मारायची आणि म्हणायची, “आधी नडणारं बोल. त्यांनी काय केलं ते मंग.” तो कागद निम्मा भरल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नसे.

ती वकील नव्हती. कोर्टात नकला देणाऱ्या विभागात तिने कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यावर मानवी हक्क आयोगाकडे जाणाऱ्या तक्रारी ती फुकट लिहून द्यायला लागली आणि अख्ख्या भिवंडीची बाय झाली. खोटं पकडलं की ती रागवायची नाही, हसायची. तेही असं, की शेजारणीच्या अंगणातल्या कोंबड्या उडायच्या. एकदा निजामपुऱ्यातली एक खाला, म्हणजे मावशी, आली. यंत्रमागाच्या लूमवर काम करणाऱ्या तिच्या मुलाला पोलिसांनी उचललं होतं. “बाजी, मेरा बच्चा तो रात को घर में सोया था,” ती शपथेवर सांगत होती. बायने विचारलं, “शिफ्ट कौनसी थी उसकी?” “रात की.” “फिर घर में कौन सोया था?” खाला पदरात तोंड लपवून हसायला लागली. मुलगा ड्युटी सोडून पत्ते खेळायला गेला होता. बायने ते जसंच्या तसं लिहिलं. “पत्ते खेळणं वाईट हाय, पन त्यासाठी कोंडून ठेवायचा कायदा न्हाय,” ती मला म्हणाली.

मी तिच्या ओटीवर येऊन-जाऊन असायचे आणि मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मग आमच्याच घरावर वेळ आली. माझा धाकटा भाऊ नरेश गोदामांच्या मालाचा टेम्पो चालवतो. एका शुक्रवारी संध्याकाळी एका गोदामाच्या वॉचमनशी त्याची बाचाबाची झाली आणि पोलिसांनी त्याला चौकीत नेलं. आम्ही विचारायला गेलो तर “असा कोणी इथे नाही” म्हणाले. सोमवारी तो घरी आला तो सुजलेला चेहरा घेऊन. त्यानंतर तो खोलीबाहेर येईना. टेम्पो अंगणात नुसता उभा. “ताई, त्यांच्या वहीत मी नव्हतोच. माझं कोन खरं मानणार?” एवढंच तो म्हणायचा. त्याचं म्हणणं कुणीतरी खरं मानावं, एवढ्यासाठीच मी त्याला ओढत बायकडे नेलं.

बायने कागदावर रेघ मारली. नरेशने मान खाली घालून पहिली गोष्ट सांगितली: वॉचमनवर हात आधी त्यानेच उचलला होता. मी त्याला कोपराने ढोसलं. बाय मला म्हणाली, “तू आत जाऊन कांदे चीर.” मी आतून ऐकत होते. बायने त्याचा मोबाईल मागून घेतला. “नरेश, फोन त्यांनी काढून घेतला होता ना? मंग रविवारी रातच्याला कोनगावच्या दोस्ताला ‘खाली उभा आहे’ असा मेसेज कोनी केला?” मग नरेश रडायला लागला. रविवारी संध्याकाळीच त्याला सोडलं होतं. तसला चेहरा आईला दाखवायचा नव्हता म्हणून तो एक रात्र मित्राकडे राहिला होता.

“तीनच रात्री लिहा ना,” मी आतून ओरडले, “एका रात्रीने काय फरक पडतो?”

“दोन रात्री खऱ्या हायेत, त्या पुरतात,” बाय म्हणाली. “तिसरी घातली तं त्या दोघींना पन घेऊन बुडल.”

वॉचमनला मारलेली थप्पड, दोन रात्री, मित्राचं घर, सगळं राज्य आयोगाच्या तक्रारीत लिहिलं गेलं. ‘ही तक्रार अन्यत्र कुठेही केलेली नाही’ या वाक्याखाली नरेशने सही केली. घोटाळा नेमका तिथेच होता. आमच्याकडे एक अर्ज दहा साहेबांना पाठवल्याशिवाय अर्ज केल्यासारखं वाटतच नाही. आमच्या आप्पांनी कुणाला न सांगता बाजारातल्या एका लेखनिकाकडून आपला वेगळा अर्ज करून दिल्लीच्या आयोगाला धाडला होता. त्यात मुलगा पाच दिवस कोठडीत होता आणि त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं. पुढे एकदा मोठ्या ऐटीत त्यांनी बायला त्याची पोच दाखवली. बाय त्या दिवशी हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने पुरवणी अर्ज लिहिला: वडिलांनी असाही अर्ज केला आहे, त्यातला मजकूर खरा नाही, तो आम्ही मागे घेत आहोत, प्रत सोबत जोडली आहे. मी भयंकर चिडले. “दोन ठिकाणी अर्ज आहे म्हटल्यावर ते आपली तक्रार फेटाळतील!”

“फेटाळली तं फेटाळली. लपवली आन् त्यांनीच काढली तं नरेशचं कोन खरं मानल?”

आप्पांनी तणतणत सही केली आणि दोन महिने बायच्या ओटीकडे फिरकले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी पोलिसांच्या वकिलाने आप्पांचा तोच अर्ज झेंड्यासारखा नाचवला. “पाच दिवस म्हणतात! हे कुटुंबच खोटं बोलतं!” सुनावणी घेणाऱ्या आयोगाच्या बाईंनी शांतपणे फाईल उलटली. “हे त्यांनी आधीच कळवलं आहे. थप्पडही कळवली आहे, मित्राचं घरही. तुम्ही त्या दोन रात्रींबद्दल बोला.” त्या दोन रात्रींची नोंद चौकीच्या कुठल्याच वहीत नव्हती, पण आपल्याला नडणारं सगळं आधीच सांगणाऱ्या नरेशचं म्हणणं बाईंनी खरं मानलं. निकालात नरेशला बेकायदा डांबल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. नरेशने ती ओळ आईला तीनदा वाचून दाखवली. आप्पा पेढे घेऊन बायकडे गेले ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

गेल्या वर्षी गुडघे फारच कुरकुरायला लागले म्हणून बायच्या लेकीने तिला पेणला राहायला बोलावून घेतलं. सामान अर्थात नरेशच्या टेम्पोत. मी आणि बाय पुढे बसलो. जाताना नेमक्या त्याच चौकीसमोर एका हवालदाराने हात दाखवून टेम्पो थांबवला. बाय जाणार म्हणून आवरून धरलेलं माझं रडू तिथेच विरून गेलं. नरेश मात्र उतरला, त्याने ताडपत्री सोडली आणि खणखणीत आवाजात सांगायला लागला, “एक कपाट, दोन गाद्या, शिलाई मशीन, कुंड्या सहा. सगळं आमच्या बायचं.”

“सगळं न्हाय हां साहेब!” बाय खिडकीतून ओरडली. “जास्वंदीच्या दोन कुंड्या शेजारणीच्या हायेत. न विचारता उचलल्यात. लिवून घ्या!”

हवालदार आधी गोंधळला, मग त्याला हसू आवरेना. आणि नरेश, माझा भाऊ, त्या चौकीच्या दारात टेम्पोला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिला.