दस्तगीरच्या अकरा पकडी

निरोप आला तेव्हा माझ्यासमोर एक प्रेशर गेज उघडं पडलं होतं. साखर कारखान्याचे ते रिकामे दिवस, गाळप संपलेलं, आणि बॉयलरपासून साखर शिजवायच्या पॅनपर्यंतची झाडून सगळी गेजं दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर येऊन पडलेली. टाइम ऑफिसचा शिपाई दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आनंदराव, मिरजेच्या दवाखान्यातनं फोन हुता. दस्तगीरभाई गेले." मी "बरं" म्हणालो. पंधरा दिवस रजा मंजूर झाल्यावर म्हणावं तसं... बरं! हातातली स्प्रिंग जागेवर बसवली, काटा शून्यावर आणला, काच लावली आणि मगच उठलो. शिपायाला माझं काळीज दगडाचं वाटलं असेल. पण उघडलेलं गेज अर्धवट टाकून उठायचं नाही ही ज्याची शिकवण, तोच माणूस गेला होता. त्याला आता सात आठवडे झाले.

दस्तगीर मुलाणी मूळचा शिराळ्याकडचा. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून तो पेन्शनीत आला, इस्लामपुरात घर केलं आणि बहात्तर साली आमच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागाचा प्रमुख झाला. विभाग म्हणजे काय, एक खोली, दोन टेबलं आणि आम्ही दोघं. एक प्रमुख, एक दुय्यम, आणि हुकूम पाळायला तिसरा कुणी नाही. गेज बाहेरून ताटलीसारखं ढोबळ दिसतं, पण त्याच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. तिला नुसतं बोट लागलं तरी ती वाकडी होते आणि मग काटा खोटं बोलतो. तिला धरायची ती लांब, निमुळत्या तोंडाच्या पकडीनं. स्टोअरच्या यादीत तिचं नाव नोज प्लायर, दस्तगीर मात्र तिला चोच म्हणायचा. त्याच्याकडची चोच जर्मन होती, लष्कराच्या लिलावात मिळालेली. आतून अगदी गुळगुळीत, एकही दाता नाही. मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात ती न विचारता उचलली आणि तिनं तारेचा आकडा वाकवायला गेलो. दस्तगीरनं ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "आनंदा, माझी बायको माग एक येळ, पर ही मागू नगंस." पुढं वर्षभर त्याच्या बायकोसमोर, हजराभाभीसमोर, मला मान वर करून चहा पिता आला नाही.

पक्कड कशी पारखायची हे मी त्याच्याकडून शिकलो. कारखान्याला काही घ्यायचं असलं की आम्ही सांगलीला गणपती पेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात जायचो. दस्तगीर दहा-बारा पकडी काउंटरवर मांडायला लावायचा आणि एकेक मिटून उजेडासमोर धरायचा. दोन्ही पाती आधी टोकाला भेटली पाहिजेत, मधेच भेटली तर ती बाजूला. मग स्वतःच्या मनगटावरचा एक केस टोकात धरून ओढायचा. केस मुळासकट आला तर ठीक, निसटला तर तीही बाजूला. मग शिवणाची सुई आडवी धरून पिरगळायची. स्वस्तातल्या चोचीची पाती अशा वेळी एकमेकांवरून घसरतात, त्यांना तो "बिनकण्याच्या" म्हणायचा. एवढ्यातून जी उरेल तिची शेवटची परीक्षा राजगिऱ्याची. खिशातल्या पुडीतला एक दाणा उचलून दुसऱ्या हाताच्या नखावर ठेवायचा. दाणा फुटता कामा नये आणि उडताही कामा नये. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "भाई, पक्कड घ्यायला आलाय का सून बघायला?" दस्तगीरनं मानही वर केली नाही. "सून न्हाई पटली तर येगळं बिऱ्हाड करंल गड्या. ही माझ्या हातातच नांदणार हाय." परतीच्या एस.टी.त त्यानं मला नीट समजावलं. दातेरी पक्कड आपल्या दातांच्या जोरावर धरते, पण जिथं धरते तिथं वळ उठवते. गुळगुळीत पक्कड वळ उठवत नाही, मात्र तिला सगळा जोर हातानं पुरवावा लागतो. तेव्हा ते मी नुसतं ऐकून घेतलं.

त्याला एकच मुलगी, शमीम. लहानपणी तापात तिचा एक पाय गेलेला, पण डोकं तल्लख, मॅट्रिक पहिल्या झटक्यात पास झाली. लग्नाचं कुणी विचारत नव्हतं आणि दस्तगीरलाही त्याची घाई नव्हती. त्याच्या मनात वेगळंच होतं. तिला आपल्याशेजारी बसवायचं, बारीक काम शिकवायचं आणि घराच्या पुढच्या खोलीत तिला घड्याळं, मीटर, चष्मे दुरुस्तीचं दुकान काढून द्यायचं. "पाय एक गेला म्हून काय झालं? बोटं धाच्या धा हायत तिची," असं तो म्हणायचा. मी विचारायचो, मग बसवत का नाहीस? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "तिच्या हातात तिची सवताची चोच पायजे, माझ्या जर्मनच्या तोडीची. खराब हत्यारावर शिकलेला हात जन्मभर खोडीचा ऱ्हातो रं." पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका हत्यारावर अडलेलं होतं, आणि ते सावकाश मिळालं तरी चालेल असं आम्हा दोघांना वाटत होतं.

पंच्याहत्तरच्या हंगामात एक दिवस त्यानं जर्मन चोच माझ्यापुढं सरकवली. "आनंदा, बघ रं जरा. हिचा खिळा सैल झालाय का? केस धरंना झालीया." मी ती उजेडासमोर धरली. टोकं बिनचूक मिटत होती. केस मुळासकट आला, सुई हलली नाही, राजगिरा पहिल्या खेपेला नखावर बसला. आणि मान वर करून पाहतो तर त्याचा उजवा हात टेबलावर उताणा पडलेला... अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसून तिथं खळगा पडला होता. चांगला बोट मावेल एवढा. मी पकडीकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं आणि म्हणालो, "व्हय भाई, सैल वाटतीया जरा."

का म्हणालो? इतक्या दिवसांत या प्रश्नाची बरीच उत्तरं मी स्वतःला दिली. त्याला वाईट वाटेल म्हणून, थकवा असेल म्हणून, हिवाळ्यात बोटं आखडतात म्हणून. ती सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण मी दुय्यम होतो आणि तो प्रमुख. त्याचा हात गेला असं माझ्या तोंडून निघालं असतं तर अख्ख्या कारखान्यानं म्हटलं असतं, याचा डोळा भाईच्या खुर्चीवर होता. त्या बोलण्याला मी भ्यालो. लोकांच्या तोंडाला भिऊन मी मित्राला फसवत राहिलो, हे सरळ लिहून टाकलेलं बरं.

मग सुरू झाली ती पकडींची शोधाशोध. सांगली झाली, कोल्हापूर झालं, एकदा पुण्याचा जुना बाजार झाला. देशी आणली, जपानी आणली, एक इंग्लिश आणली. दोन वर्षांत दहा. शमीमसाठी म्हणून प्रत्येक घ्यायची, घरी आणून पारखायची आणि नापास करायची. दस्तगीर केस धरायचा, निसटला की माझ्याकडं द्यायचा, आणि मी हातात घेऊन मान हलवायचो. "न्हाई भाई, न्हाई जमत." तोही मग समाधानानं म्हणायचा, "बघ, तुझ्या ध्यानात आलं न्हवं? आता पयल्यासारखं पोलाद ऱ्हायलं न्हाई." माझ्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास, की आपल्या हाताकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. मधेच एकदा त्यानं बाटलीचं बूच निघेना म्हणून शमीमकडं दिलं, तेव्हाही त्याच्या मते बूचच घट्ट होतं.

सगळ्यात मोठी चूक मी शहात्तरच्या उन्हाळ्यात केली. तो चार दिवस रजेवर होता. मी जर्मन चोच टेबलाच्या व्हाइसमध्ये आवळली आणि तिच्या त्या आरशासारख्या आतल्या अंगावर तिकोनी कानशीनं बारीक दाते पाडले. म्हटलं, दात असले तर कमी जोरात धरेल, माणूस खूष होईल. रजेवरून आल्यावर त्यानं ती उचलली, माझ्यावर विसंबून उजेडासमोर न धरताच केस धरला, केस आला. माझ्याकडं बघून हसला. "खिळा आवळलास व्हय रं?" मी हो म्हणालो. महिना-दीड महिना तो खरोखर खूष होता. त्या महिना-दीड महिन्यात तिनं किती स्प्रिंगांवर वळ उठवले ते मला ठाऊक आहे, कारण संध्याकाळी तो गेला की ती गेजं पुन्हा उघडून मीच सरळ करत होतो. मग दात्यांनाही पुरेल एवढा जोर हातात उरला नाही.

सत्त्याहत्तर साली डाव्या हातातून कपबशी पडली तेव्हा कुठं आम्ही मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी हात तपासले, जीभ बाहेर काढायला लावली, पायावर हातोडी मारून पाहिली. मग विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?" दस्तगीर म्हणाला, "दोनच म्हैनं झालं सायेब. त्याच्या आदी पकडीच खराब मिळत हुत्या," आणि साक्षीसाठी माझ्याकडं वळला. मी मान डोलावली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की नसा वाळत चालल्यात, आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. इलाज नाही. लवकर आला असता तरी नव्हता. हे वाक्य दयाळूपणानं म्हटलेलं होतं आणि दुसऱ्या कुणाला त्याचा आधार वाटला असता. मी मात्र व्हरांड्यात उभा राहून शमीमची दोन वर्षं मोजत होतो.

त्याच आठवड्यात त्यानं तिला शेजारी बसवलं. आता पक्कड कुठलीही चालणार होती. तिनं जपानी चोच घेतली, समोर एक जुनं गेज उघडलं आणि बापाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांच्या घरच्या बोलीत ती विचारायची, "अब्बा, कित्ता दाबूं?" तो म्हणायचा, "जरासा." "जरासा बोले तो कित्ता?" तो हात उचलून दाखवायला जायचा आणि बोटं मिटायचीच नाहीत. जन्मभर दाब मोजायची यंत्रं दुरुस्त केली आणि दोन बोटांचा दाब किती ते त्याला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी स्प्रिंग तुटली. शमीम रडली नाही. रडला तो, आणि डोळे पुसायला हात वर जाईना म्हणून भाभीनं पदरानं पुसले. "दोन सालं आदी कळलं असतं तर..." एवढंच तो म्हणाला. मी तिथंच बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. पुढं जीभ जड झाली, मग बंद झाली. मी दर रविवारी जात होतो आणि दर रविवारी बोलायचं ठरवून जात होतो, आणि उसाच्या टनेजच्या गप्पा मारून परत येत होतो. शमीमला मी शिकवतो, चष्म्याची दांडी आणि घड्याळाचा पट्टा तिला जमतो. त्यापुढचं, घड्याळाच्या पोटातलं काम माझ्याच हाताला येत नाही, तर तिला कुठून देणार?

दहा दिवसांपूर्वी चाळिसाव्याचं जेवण होतं. लोक गेल्यावर शमीमनं त्याची पत्र्याची पेटी खाटेवर रिकामी केली. अकरा पकडी. तिनं त्या एकेक उजेडासमोर धरल्या, मनगटावरचा केस ओढला, सुई पिरगळली, राजगिऱ्याचा दाणा नखावर ठेवला. ओठ मुडपून, हुबेहूब बापासारखी. बराच वेळ लागला. मी उठू शकलो नाही.

"काका," ती म्हणाली, "ह्या धाच्या धा चांगल्या हायत. एकदम चांगल्या. ही जर्मन तेवढी कुणीतरी कानस मारून नासवलीया." मग माझ्याकडं पाहून तिनं सरळ विचारलं, "मग अब्बा कशापायी थांबलं हुतं?"

भाभी दारात उभी होती. मी म्हणालो, "त्याला अजून चांगली पाहिजे हुती गं." शमीमनं मान हलवली. तिला पटलं. बापाचा हट्ट तिला ठाऊक होता, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची त्या घराची सवय आहे.

शमीम पेपरातली रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. म्हणून हे इथं लिहिलं, तोंडानं मला जमलं नसतं. शमीम, ती जर्मन चोच मी नासवली. बाकीच्या दहाही पहिल्या दिवसापासून चांगल्या होत्या. तुझ्या अब्बांनी प्रत्येक वेळी मला विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणालो.