राजाच्या तोंडावर लावलेली कडी

आमच्या भिवंडीच्या शाळेचे विश्वस्त म्हणजे यंत्रमागांचे मालक, लूमवाले शेठ. मुलींच्या संडासात त्यांनी आपल्या सुताच्या गोण्या रचल्या आणि वर कुलूप ठोकलं. आम्ही पोरी शाळा सुटेपर्यंत कळ काढायचो. त्या माणसाचं नाव काढलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी नववीत. नागरिकशास्त्राच्या सरांनी गॅदरिंगला इंग्लंडची संसद बसवली. राजा अर्थातच शेठचा पोरगा. पंतप्रधान मात्र वर्गाने हात वर करून निवडायचा होता. निवडून आले मी! तालमीत मी विधेयक मांडलं, मुलींचा संडास मोकळा करा.

राजा म्हणाला, "संसद बरखास्त! बस खाली."

"सर, पंतप्रधानाच्या सल्ल्याशिवाय राजाला हे करता येत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

"पुस्तकातलं पुस्तकात," सर म्हणाले. "इथं राजा म्हणेल तसं."

बरं! म्हटलं, थांब बेट्या, दाखवते तुला.

त्या संसदेची एक रीत आहे. राजाचा दूत आला की निवडून आलेले लोक त्याच्या तोंडावर दार आपटतात. त्याने तीनदा ठोकलं की मग उघडतात. राजाने तर त्या सभागृहात पाऊलच टाकायचं नसतं. सरांनी ही गंमत नाटकात मुद्दाम घेतली होती.

गॅदरिंगला मी हॉलचं दार आपटलं आणि आतून कडीच घातली. बाहेर दूत ठोकतोय, मागे मखमली झग्यातला राजा बोंबलतोय. हॉलमधले आईबाप टाळ्या पिटत होते, पुढच्या रांगेत शेठही हसत होते. मग मी विधेयक वाचलं, शेठच्या गोण्यांसकट. सगळ्या पोरींचे हात वर गेले. शेठचं हसू मावळलं.

माझी आई शेठच्या नव्हे, दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. ती उठली. "चला गं बायांनो!" कडी काढून बाया थेट संडासावर गेल्या, दगडाने कुलूप फोडलं आणि गोण्या भराभर अंगणात फेकल्या.

"कुणाच्या परवानगीने?" शेठ धावत आले.

"माझ्या पोरीच्या," आई म्हणाली. "ती निवडून आलेली हाय. तुमचा पोरगा न्हाय."

शेवटची गोणी मी राजाच्या खांद्यावर दिली. मुकुट डोळ्यांवर घसरला, तो रडायला लागला. मला काडीची दया आली नाही.