डावा कौल आणि बाकीची जगं

निवृत्त झाल्यावर मी मळवलीला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, छोटंसं घर घेतलं. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. सुदैवाने जवळच तुंगार्लीत माझे एक जुने सहकारी राहतात. मी त्यांना सर म्हणते. ते दर गुरुवारी यायचे आणि आम्ही व्हरांड्यात बसून अनेक जगांच्या सिद्धांतावर भांडायचो.

मी सिद्धांताच्या बाजूची. एखाद्या कणापुढे दोन शक्यता असतील तर दोन्ही घडतात, जगाच्या दोन वाटा होतात आणि प्रत्येक वाटेवर आपण असतोच, असं तो सांगतो. सर म्हणायचे, "जे जग कधी दिसणार नाही, त्याचा पत्ता मला कशाला देता?" यावर माझं डोकं फिरायचं.

शेजारच्या फार्महाऊसची देखभाल करणाऱ्या मावशी माझ्या पायरीवर पावटे सोलत हे सगळं ऐकायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. डावा डोळा लहानपणी भाताची पात लागून गेलेला, आणि उजव्यात आता मोतीबिंदू. एक दिवस त्यांनी विचारलं, "बाई, तुमी दोगं एवडं कशापायी भांडता?"

शिकवायची संधी मी सोडणार थोडीच. "तुम्ही गावदेवीला कौल लावता ना?" मी म्हटलं. त्यांच्या गावात मोठं काम अजून देवीला विचारूनच होतं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं आधी पडलं तर नको. "समजा, एका जगात उजवं पडलं आणि दुसऱ्यात डावं. दोन्ही जगं खरी, आणि दोन्हीकडे तुम्ही आहात." फूल म्हणजे कण नव्हे, असं सर कुरकुरले. मी म्हटलं, उदाहरण आहे, सोडा. मनातून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

महिन्याभराने मावशींना सरकारी दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली. आणखी लांबवलं तर हाही डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशींनी कौल लावला आणि डावं फूल पडलं. ऐकल्याबरोबर मी धावत गेले, तर त्या निवांतपणे बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होत्या.

"तितं उजवं पडलं आसंल की," त्या म्हणाल्या. "तितली मी जाईल आप्रेशनला. तिला दिसंल. मग मी न्हाई गेले तर काय बिगडतं?"

इतकी वर्षं मुलांनी माझं शिकवणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं, आणि मावशी मात्र त्यावर विसंबून डोळा गमवायला निघाल्या होत्या.

"तिला दिसलं तरी तुम्हाला दिसणार नाही, मावशी."

"नसंना का. ती मीच हाय न्हवं?"

ते मीच त्यांना शिकवलं होतं. शेवटी मी सरांचा मुद्दा सरळ ढापला. "माझंच चुकलं. फूल म्हणजे कण नव्हे, त्याच्यापुढे तशा दोन शक्यता नसतात. ते किती ओलं होतं, कसं चिकटलं होतं, त्यावर पडतं. इथे डावं पडलं, म्हणजे जवळजवळ सगळ्याच जगांत डावंच पडलं असणार." खरं सांगायचं तर इतक्या खात्रीने बोलण्याइतकं मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

त्यांचा हात तांदळात थांबला. "मंजी समदीकडं देवी न्हाईच म्हनली?"

"बहुतेक."

"मग तितल्या समद्या बी माज्यासारक्याच बसल्या आसतील. दुसरी जाईल म्हनून."

इतके गुरुवार वाद घालूनही हा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. तो कुठवर जातो हे बघायची मला विलक्षण उत्सुकता वाटली, आणि लगेच त्या उत्सुकतेची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी देवळात जाऊन आल्या. या वेळी कौल लावला नाही. तू न्हाई म्हनलीस, पर मी जाते, एवढंच देवीला सांगून आल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत होते. आम्ही खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळेच होणार होतं.

"बाई, तितल्या समद्या बी आत्ता हितंच बसल्या आसतील का वो?"

"असतील."

"समद्याच भ्यायल्या आसतील."

नर्सने हाक मारली. मावशींनी माझं मनगट सोडलं.

"मग मीच पयली जाते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.