आमच्या गाण्याची झील कुणी धरली?

आधीच सांगते, भुतंखेतं, चकवा, अंगात येणं या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत आणि गुलमंडीवर उभी राहून वाटलीही आहेत. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून आमच्या संघटनेतले काही जण हसतील. हसा खुशाल. पण घडलं ते असं...

मी पडेगावला आईबरोबर राहते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी गाणी लिहिते, गाते. ढोलकी सुदामची. तो नांदेडला शिक्षक आहे, दर गाण्याला एसटीनं येणं दोघांनाही परवडत नाही. म्हणून मी इकडं गाणं भरते आणि कॅसेट पोस्टानं पाठवते. तो ती एका टेपवर लावतो, शेजारी बसून ढोलकी वाजवतो आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही एकत्र भरतो. मग दोन्ही कॅसेटी माझ्याकडे परत. खरखर वाढते, पण गाणं होतं!

गेल्या हिवाळ्यात वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर सभा ठरली. मी नवं गाणं लिहिलं. अडचण झिलेची. कडवं संपलं की मागून धृपद उचलणाऱ्या आमच्या दोघी होत्या. एकीचं लग्न झालं, दुसरी नोकरीला लागली. संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "झील नसलेलं गाणं कोण ऐकतंय? त्यापेक्षा मी अर्धा तास बोलतो."

समतेची सभा, आणि बाईचं गाणं कापून पुरुषाचं भाषण! मी तिथंच सुनावलं. शेवटी ठरलं – झिलेसकट कॅसेट आणली तर रिक्षावरच्या भोंग्यातून वाजवायची, नाहीतर भाषण.

मी रागारागातच गाणं भरलं. कडव्यांमागं झिलेपुरती जागा रिकामी सोडली आणि सुदामला कळवलं, तिकडच्या कुणी बायका मिळतात का बघ.

सभेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. आई अंगणात ज्वारी निवडत होती. मी टेप लावला, पहिलं कडवं संपलं आणि... बायका! चार-पाच तरी असतील, बांधावरून हाक मारावी तशा मोकळ्या गळ्यानं गाणाऱ्या. आई म्हणाली, "नांदेडच्या बायका लई खड्या आवाजाच्या गं."

गेटवर दुसऱ्या कडव्यापासूनच कामगार बायकांनी झील धरली, मग सुटलेल्या शिफ्टच्या पुरुषांनी. लोक गाणं पुन्हा लावा म्हणत राहिले. अध्यक्षांचं भाषण पाच मिनिटांत उरकलं. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

पुढच्या आठवड्यात सुदाम आला. चहाचा कप हातात घेत म्हणाला, "शालूताई, त्या झीलवाल्या बायकांना भेटव की."

"मी कुठून भेटवू? तुझ्याकडच्या ना त्या?"

"माझ्याकडच्या? तुझी कॅसेट लावली तर त्या आधीच गात होत्या. म्हटलं, मिळाल्या वाटतं हिला."

लगेच माझी मूळ कॅसेट लावली. रिकाम्या जागा रिकाम्याच. खरखर, आणि एके ठिकाणी आईनं आपटलेलं पातेलं. त्याच्या कॅसेटवर मात्र बायका.

मी काही सोडलं नाही. शेजारचा रेडिओ? रेडिओवर माझे शब्द कुठून येतील? कॅसेट जुनी, तिच्यावर आधी भजनं होती. पण भजनातल्या बायका नामांतराचं धृपद कसं म्हणतील? सुदाम थापा मारतोय का, हेही तोंडावर विचारलं. तो चिडला. शपथ घ्यायला निघाला, पण शपथेवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास ढोलकीवर आहे, आणि ती मी पुन्हा नीट ऐकली... बायका श्वास घेतात तिथं त्याचा हात थांबतो, त्या चढतात तिथं चढतो. वाजवताना त्यानं त्यांना ऐकलं होतं, एवढं नक्की.

आई म्हणाली, "कुणी का असंनात. आपल्या बाजूनं गायल्या नं? मग झालं की."

अध्यक्ष आता दर सभेआधी अदबीनं विचारतात, त्या बायकांना आणणार ना? मी बघू म्हणते.

स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर पत्रक काढीन. तोवर, बायांनो, तुम्ही ज्या कुणी असाल, पुढचं गाणं लिहून झालंय आणि झिलेची जागा मी मोकळी सोडली आहे. नामांतर व्हायचंय अजून. कुठल्या, कोण, काही विचारणार नाही. या.