अण्णांच्या सेलमधली लाल कॉमेंट

आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाला जिन्यात पावलं ऐकू आली की बॅटरी घेऊन सगळ्यात पुढे मी जाते. दरवेळी मांजरच निघतं. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केलेली आहे. आता माझी पाळी आली असं समजा... खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

मी राहते गारखेड्याला आणि उस्मानपुऱ्यातल्या एका डायलिसिस सेंटरचं रिसेप्शन सांभाळते. सेंटरचं नाव सांगत नाही, उगाच पेशंट बिचकायचे. माझे वडील, अण्णा, तिथलेच पेशंट. चितेगावहून आठवड्यातून तीनदा येतात, शेअर जीपने, काळी-पिवळीत बसून, एकटे. सोबत कुणी येतो म्हटलं की भडकतात. "म्या काय ल्हान हाय का?" हे ठरलेलं.

सेंटरचं सगळं वेळापत्रक एका एक्सेल फाइलमध्ये असतं. डावीकडे खाली खाली पेशंटची नावं, वर तारखा. एकेका चौकोनात, म्हणजे सेलमध्ये, मावतो फक्त मशीनचा नंबर, म्हणून बाकी सगळं कॉमेंटमध्ये लिहायची पद्धत — कुणाच्या कुठल्या हाताला सुई लावायची, कुणाला कुठलं औषध चालत नाही. सेलच्या कोपऱ्यात बारीकसा लाल त्रिकोण दिसतो, त्यावर माउस नेला की पिवळा डबा उघडतो.

त्या पिवळ्या डब्यांचा मला मनापासून राग होता. एक एवढासा, एक पानभर, कुठे अर्धा मजकूर कापलेला, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिणाऱ्याचं नाव. मी पडले टापटिपीची! व्हिडिओ बघून बघून मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामं करून घेणारा छोटासा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं की प्रत्येक कॉमेंटचा मजकूर उचलायचा, वरचं नाव छाटायचं, जुनी कॉमेंट डिलीट करायची आणि त्याच जागी नवी टाकायची. गोल कोपरे, मोठा फॉन्ट, मजकुराएवढाच आकार. मजकुरात 'नको' हा शब्द असेल तर डबा लाल, नाहीतर फिकट हिरवा. डॉक्टरसाहेब बघून "अरे वा" म्हणाले, तर मी दोन दिवस हवेत होते.

आता हेपरिनबद्दल थोडं सांगावं लागेल. डायलिसिसमध्ये अंगातलं रक्त नळ्यांमधून मशीनमध्ये जाऊन परत येतं. वाटेत ते गोठू नये म्हणून हेपरिन देतात. पण पेशंटला आत कुठे रक्तस्राव होत असेल तर हेच हेपरिन जिवावर बेततं. म्हणून आमच्याकडे नियमच आहे... 'हेपरिन नको' असा डबा दिसला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कुणी काढायचा नाही.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आले, फाइल उघडली, बटण दाबलं. हिरवे डबे, लाल डबे, सगळं छान झालं. मग सहज अण्णांच्या त्या दिवसाच्या सेलवर माउस नेला. त्यांच्या सेलवर कधीच कॉमेंट नसते. त्या दिवशी होती. लाल.

"आज हेपरिन नको. सकाळी पडलेत."

पहिल्यांदा राग आला, कुणी असली थट्टा करतं का! मग वाटलं, माझ्याच मॅक्रोची चूक असणार. कारण तसं एकदा झालं होतं. एरर आली तरी थांबू नको, पुढे जा, अशी एक ओळ मी कोडमध्ये टाकली होती. त्यामुळे एखादी कॉमेंट वाचताना कोड अडखळला की आधीच्या पेशंटचा मजकूर पुढच्या पेशंटच्या डब्यात जाऊन बसायचा. तसंच असेल म्हणून मी राइट क्लिक केलं, डिलीटवर बाण नेला...

"रुक रुक. क्या मिटा रही?"

मागे नसरीन आपा उभ्या. आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. मी म्हटलं, "आपा, काही नाही, माझा मॅक्रो गंडलाय. अण्णा कशाला पडतील?"

"तो अण्णाकूच पूछ ना. बैठे हैं बाहर."

अण्णा बाकावर बसलेले, टोपी नीट घातलेली, हातात पिशवी. मी विचारलं, "अण्णा, सकाळी कुठे पडलात का तुम्ही?"

"पडलो? म्या? कशापायी पडंन? काय बी इचारती." आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसले.

झालं, माझी खात्रीच पटली. डॉक्टरसाहेबांना फोन लावला, तर ते दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनला आत गेलेले. मी आपांना म्हटलं, आपण डिलीट करू, मी जबाबदारी घेते. आपा जागच्या हलल्या नाहीत.

"लाल डब्बा तूच बनाई ना बेटी? अब्बी तूच बोलती मिटा दो. मैं नै मिटाती. डॉक्टर बोले तक हेपरिन बंद."

मग मी घाबरले. तुम्हाला वाटेल, हेपरिन नाही दिलं तर काय बिघडलं? बिघडतं. रक्त नळ्यांत गोठलं तर सगळं सर्किट जाम होतं, आतलं रक्त परत देता येत नाही, आणि अण्णांचं हिमोग्लोबिन आधीच तळाला गेलेलं. माझ्या फालतू मॅक्रोपायी त्यांचं रक्त वाया जाणार, या विचाराने मला रडू फुटायची वेळ आली. आपा मात्र शांतपणे कामाला लागल्या. थोड्या थोड्या वेळाने सलाइनने नळ्या धुवायच्या, फिल्टर बघायचा, पुन्हा धुवायच्या. त्या काही अण्णांच्या मशीनपासून हलल्या नाहीत. मी रिसेप्शन सोडून दर थोड्या वेळाने काचेतून डोकावत होते. एक पेशंट माझ्यावर ओरडलासुद्धा, फोन वाजतोय, उचलत का नाही म्हणून.

डायलिसिस संपत आलं तेव्हा अण्णा म्हणाले, डोकं लई दुखतंय. आणि एकदम उलटी झाली. आपांनी त्यांची टोपी काढली... खाली, कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ.

"अण्णा!" मी जवळजवळ किंचाळलेच.

"काय नाय गं," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "हौदापाशी पाय घसरला. शेवाळ झालंय तिथं."

"मग मघाशी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर रोज कुनीतरी संगं आलं असतं."

स्कॅन केला. डोक्यात आतल्या बाजूला थोडा रक्तस्राव. ऑपरेशन लागलं नाही, पण अॅडमिट करावं लागलं. संध्याकाळी डॉक्टरसाहेब आले, रिपोर्ट बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेपरिन गेलं असतं तर आज आपण असं बोलत नसतो. कॉमेंट कुणी टाकली?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

खरंच कुणी टाकली नव्हती. त्या सकाळी माझ्याआधी फाइल कुणी उघडलीच नव्हती, आत टेक्निशियनांचा कॉम्प्युटर आहे, तो तर बंदच होता. आदल्या संध्याकाळच्या बॅकअपमध्ये अण्णांचा तो सेल कोरा आहे. मॅक्रोने दुसऱ्या कुणाचा मजकूर उचलला म्हणावं, तर सगळी फाइल मी पालथी घातली. 'पडलेत' हा शब्द दुसरीकडे कुठेच नाही. आणि हौदापाशी कुणी बघितलं का? नाही. आई पुढच्या दारी होती, तिलाही संध्याकाळीच कळलं. अण्णा घसरले तेव्हा मी स्वतः तर गारखेड्याच्या घरी जेवणाचा डबा भरत होते.

लिहिणाऱ्याचं नाव बघावं, तर ते छाटायची हौस मलाच! मॅक्रो चालून गेला की अनडू होत नाही. बटण दाबायच्या आधी त्या डब्यावर ठळक अक्षरात काय नाव होतं, किंवा होतं की नव्हतं, ते मी माझ्या हाताने पुसलं. कोडमधून ऑथर काढून बघितला तर माझंच नाव येतं. पण ते तर सगळ्याच कॉमेंटवर येतं, मॅक्रोने माझ्या नावाने नव्या टाकल्या ना. पुण्याला आयटीत असलेल्या मावसभावाला फाइल दाखवली. तो म्हणाला, तूच टाइप केलं असशील ताई, आणि विसरलीस. बरं, मीच केलं असं धरू... पण मला माहीत कुठे होतं? माझी झोप उडते ती याच प्रश्नापाशी.

नसरीन आपांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "अल्ला जाने. अच्छे के वास्तेच लिखा ना, फिर कायकू कुरेदती?" त्यांना पुरतं तेवढं. मला नाही पुरत. नाव छाटणारी ओळ मी मॅक्रोमधून काढून टाकली आहे. आता डब्यांच्या डोक्यावर पुन्हा नावं दिसतात, दिसू देत. सकाळी बटण दाबायच्या आधी मी एकेक त्रिकोण उघडून वाचते, आणि अण्णांचा सेल दोनदा तपासते.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं नव्हतं. आईकडून कळलं असावं. हॉस्पिटलमधून घरी गेल्यापासून काळी-पिवळीत माझा भाऊ सोबत बसतो त्यावरही कुरकुर नाही. परवा सकाळी मी सेंटरला निघायच्या तयारीत होते, तर त्यांचा फोन. अण्णा स्वतःहून कधीच फोन करत नाहीत.

"काय झालं अण्णा?"

"काय नाय. उंबऱ्याला ठेच लागली. जरासं रगत आलंय अंगठ्याला."

"बरं, हळद लावा. मी सेंटरला गेल्यावर आपांना सांगते."

"सांगू नगं, लिही," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या त्या डब्यात आत्ताच लिही बाई. दुसऱ्या कुनी लिहायच्या आत."